लेन्स लहान आणि हलकी कशी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत 'लेन्स' म्हणजे कॅमेऱ्याला लावतो ती अख्खी नळी, आणि 'भिंग' म्हणजे तिच्या आतली एकेक काच. वजनं ग्रॅममध्ये आहेत आणि कंपन्यांनी जाहीर केलेली आहेत.

लेन्सचं वजन नेमकं कुठून येतं?

मुख्यतः पुढच्या दोन-तीन भिंगांतून. भिंगाचा घाट तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतं, कारण काच लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही अंगांनी वाढते. म्हणून मागच्या टोकाला चार-पाच छोटी भिंगं वाढली तरी काटा फारसा हलत नाही, पण पुढचं एक मोठं भिंग वगळता आलं तर फरक हाताला लगेच कळतो. 'आत सतरा भिंगं आहेत, म्हणजे जड असणार' हा अंदाज याच कारणाने चुकतो.

काचेचं वजन एकटं येत नाही. जड काच धरायला जाड नळी लागते, जाड नळी पेलायला दणकट ट्रायपॉड कॉलर लागते, आणि जड भिंग पुढेमागे हलवायला मोठी मोटर लागते. काचेतले शंभर ग्रॅम वाचले की या बाकीच्या गोष्टींतूनही काही ग्रॅम आपोआप सुटतात.

तंत्रज्ञान इतकं पुढे गेलं, मग ४०० मिमी एफ/२.८ लेन्स अजून खिशात का मावत नाही?

कारण एफ-क्रमांक हा मुळात एक भागाकार आहे. फोकल लेंथला (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा) एफ-क्रमांकाने भागलं की प्रकाश आत घेणाऱ्या 'दारा'चा, म्हणजे ॲपर्चरचा, व्यास मिळतो. ४०० भागिले २.८ म्हणजे जवळजवळ १४३ मिमी. टेली लेन्समध्ये, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, पुढचं भिंग किमान तेवढं रुंद असावंच लागतं. ६०० मिमी एफ/४ साठी हा आकडा १५० मिमी येतो, ८५ मिमी एफ/१.४ साठी सुमारे ६१ मिमी, तर ५० मिमी एफ/१.८ साठी जेमतेम २८ मिमी.

हा व्यास कुठल्याही शोधाने कमी होत नाही. डिझायनरच्या हातात उरतं ते बाकीचं सगळं: लेन्सची लांबी, त्या दारामागे किती मोठी काच ठेवायची, ती कुठल्या जातीची असावी आणि नळी कशाची करायची. हे उत्तर नीट लक्षात ठेवलं तर जाहिरातींमधले निम्मे दावे स्वतःच पारखता येतात.

एकच भिंग प्रतिमा तयार करतं, मग इतकी भिंगं कशाला?

एक भिंग प्रतिमा तयार करतं, पण वाईट. कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो. प्रतिमा सपाट पडद्यावर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. प्रत्येक दोष घालवायला दुसरं भिंग लावावं लागतं आणि ते स्वतःचे दोष घेऊन येतं. लेन्स डिझाइन म्हणजे या दोषांना एकमेकांविरुद्ध उभं करून त्यांची बेरीज शून्याजवळ आणणं.

हे गणित फार कष्टाचं होतं. १८४० साली जोझेफ पेट्झवालने पोर्ट्रेटसाठी वेगवान लेन्स आखली, तेव्हा आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले गणितात तरबेज सैनिक त्याच्या दिमतीला दिले होते. पुढे १८९६ साली झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फने सहा भिंगांची, चार गटांची प्लॅनर नावाची लेन्स आखली (गट म्हणजे सुटं भिंग किंवा एकमेकांना चिकटवलेली भिंगं). कागदावर ती अप्रतिम होती, पण काच आणि हवा एकमेकांना भिडतात असे आठ पृष्ठभाग तिच्यात होते आणि लेप नसलेला प्रत्येक पृष्ठभाग साधारण चार टक्के प्रकाश परत फेकतो. चित्र धुरकट यायचं. त्याच रुडॉल्फच्या १९०२ सालच्या टेसारमध्ये चारच भिंगं आणि सहाच पृष्ठभाग होते, आणि बाजार टेसारने मारला.

वाट मोकळी केली ती १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्मकुलाने शोधलेल्या परावर्तनरोधक लेपाने. आज १३ गटांच्या लेन्समध्ये असे २६ पृष्ठभाग असतात. लेप नसता तर आत शिरलेल्या प्रकाशातला एक तृतीयांशच सेन्सरपर्यंत पोहोचला असता. लेपाला स्वतःचं वजन नाही, लांबी नाही, म्हणून या विषयात त्याचं नाव कोणी घेत नाही. माझ्या मते मात्र पुढच्या उत्तरांतली बहुतेक प्रगती त्याच्याच जिवावर उभी आहे.

ॲस्फेरिकल भिंगाने वजन कसं कमी होतं?

साध्या भिंगाचा पृष्ठभाग हा गोलाचा तुकडा असतो. याचं कारण कारागिरीत आहे: दोन पृष्ठभाग एकमेकांवर सगळ्या दिशांनी घासत राहिलं की ते आपसूक गोलाकारच होतात. प्रकाशाला तो आकार सोयीचा नाही. कडेकडे वक्रता हळूहळू बदलत नेली तर कडेचे आणि मधले किरण एकत्र आणता येतात, आणि दोन-तीन गोलाकार भिंगांचं काम एक भिंग करतं.

कल्पना फार जुनी, अडचण घडवण्याची होती. १९६६ च्या लाइट्झ नॉक्टिलक्स ५० मिमी एफ/१.२ मधली ॲस्फेरिकल भिंगं एकेक करून हाताने घासली जात. १९८५ च्या सुमारास तापवून मऊ केलेली काच साच्यात दाबून भिंग घडवण्याची पद्धत कॅननने ग्राहकांच्या लेन्समध्ये आणली, आणि तेव्हापासून ॲस्फेरिकल भिंग साध्या झूममध्येही दिसू लागलं. साच्यावर यंत्राच्या हत्याराचे बारीक वळसे राहिले तर धूसर पार्श्वभूमीतल्या दिव्यांच्या गोळ्यांत कांद्याच्या चकतीसारखी वलयं उमटतात. अलीकडच्या चांगल्या साच्यांनी हे बरंच कमी केलं आहे.

फ्लोराइट आणि ईडी काच म्हणजे हलकी काच का?

तसं म्हणणं अर्धवट होईल. फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक. त्याची घनता घनसेंटिमीटरला ३.१८ ग्रॅम आहे, साध्या ऑप्टिकल काचेची सुमारे २.५. म्हणजे साध्या काचेपेक्षा ते जडच. ईडी काच (रंग कमी फाकवणारी खास काच) त्याहून जड असते, त्यामुळे ईडीच्या जागी फ्लोराइट बसवलं तर थोडं वजन वाचतं एवढं खरं.

खरा फायदा रंगांचा आहे. फ्लोराइट रंगांना फार कमी फाकवतं. टेली लेन्स आखूड करायची तर पुढच्या गटाला किरण जास्त जोराने वळवावे लागतात, आणि जोराने वळवले की रंग जास्त फाकतात. रंग ताब्यात असले तरच लेन्स आखूड करता येते. नैसर्गिक फ्लोराइटचे मोठे निर्दोष स्फटिक मिळत नाहीत. ते कृत्रिमरीत्या वाढवल्यावर कॅननने १९६९ साली ३०० मिमी एफ/५.६ लेन्समध्ये वापरले. फ्लोराइट तापमानाने जास्त फुगतं, म्हणून मोठ्या टेली लेन्सना उन्हात कमी तापावं यासाठी पांढरा रंग देण्याची प्रथा पडली.

मोठ्या टेली लेन्सेसचं वजन गेल्या वीसेक वर्षांत निम्मं झालं. ते कसं?

हे उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. कॅननच्या ४०० मिमी एफ/२.८ च्या आयएस (कंपनरोधक) मालिकेतली १९९९ सालची पहिली लेन्स ५३७० ग्रॅमची. दुसरी पिढी ३८५० ग्रॅम. २०१८ ची तिसरी पिढी २८४० ग्रॅम. सोनीने त्याच वर्षी आणलेली ४०० मिमी एफ/२.८ लेन्स २८९५ ग्रॅमची. दार सगळ्यांचं तेच, १४३ मिमी. मग अडीच किलो गेले कुठे?

थोडे धातूत गेले: मॅग्नेशियम मिश्रधातू ॲल्युमिनियमपेक्षा हलका असतो. मोठा वाटा मात्र काचेच्या जागेत आहे. पूर्वी पुढच्या मोठ्या भिंगाच्या लगेच मागे रंग सावरणारी आणखी काही मोठी भिंगं बसवलेली असत. पुढच्या भिंगातून निघालेले किरण शंकूसारखे निमुळते होत जातात. तीच रंग सावरणारी भिंगं शंकूच्या मागच्या, अरुंद भागात सरकवली तर त्यांचा व्यास घटतो, आणि वजन व्यासापेक्षा कितीतरी वेगाने घटतं. ही हालचाल सोपी नाही. मागे सरकलेल्या भिंगांना तेच काम कमी जागेत करावं लागतं, म्हणून फ्लोराइट, ईडी आणि संगणकावर हजारो रचना तपासण्याची ताकद हे सगळं एकत्र यावं लागलं.

यात दुसरा लाभही आहे. वजन मागे सरकल्याने लेन्सचं तोंड खाली ओढत नाही. उडणाऱ्या पक्ष्यामागे लेन्स फिरवताना एकूण वजनाइतकंच हे महत्त्वाचं असतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात छापलेलं नसतं.

'पीएफ' आणि 'डीओ' लेन्सेस इतक्या आखूड कशा?

पीएफ हे निकॉनचं नाव, डीओ कॅननचं. त्यांत विवर्तनाचा, म्हणजे बारीक रेघांवरून जाताना प्रकाश वळतो त्याचा, उपयोग केलेला असतो. साध्या काचेत निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वळतो. पृष्ठभागावर सूक्ष्म एककेंद्री वलयं कोरली की उलटं होतं: लाल जास्त वळतो, निळा कमी. ही दोन वागणुकी एकाच लेन्समध्ये जोडल्या की रंगदोष एकमेकांना खाऊन टाकतात आणि तेवढ्यासाठी लागणारी जाड काच वगळता येते. दीपगृहांसाठी फ्रेनेलने १८२० च्या दशकात केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगासारखं हे दिसतं. तिथल्या पायऱ्या मात्र फक्त काच वाचवण्यासाठी होत्या, इथली वलयं प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशोबाने कोरलेली असतात.

कॅननची ४०० मिमी एफ/४ डीओ २००१ साली आली. तुलनेसाठी निकॉनची जोडी जास्त सोयीची: जुनी ३०० मिमी एफ/४ डी १४४० ग्रॅमची आणि २२२.५ मिमी लांब, तर २०१५ ची पीएफ ७५५ ग्रॅमची आणि १४७.५ मिमी लांब. नव्या लेन्समध्ये जुनीत नसलेली कंपनरोधक यंत्रणाही आहे. जुनीच्या वजनात ट्रायपॉड कॉलर धरलेली आहे हे सांगायला हवं, पण ती वजा केली तरी अंतर मोठंच राहतं.

याची किंमत चित्रात मोजावी लागते. तीव्र दिवा चौकटीत किंवा तिच्या अगदी कडेला असेल तर त्याच्याभोवती रंगीत वलय उमटू शकतं. दिवसा पक्षी टिपणाऱ्याला ते क्वचित दिसेल, रात्री दिवे टिपणाऱ्याला नक्की दिसेल.

मिररलेस कॅमेरे आल्यावर लेन्सेस लहान झाल्या, हे खरं का?

वाइड लेन्सेसच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं, टेलीच्या बाबतीत नाही.

एसएलआर या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. माउंटपासून (लेन्स अडकवायच्या कडीपासून) सेन्सरचं अंतर कॅनन ईएफ माउंटमध्ये ४४ मिमी, निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी. आता २४ मिमीची लेन्स सेन्सरपासून आपल्या फोकल लेंथपेक्षाही दूर ठेवायची तर पुढे मोठं अंतर्वक्र भिंग लावून किरण आधी फाकवावे लागतात आणि मग गोळा करावे लागतात. हा द्राविडी प्राणायाम काच खातो. आरसा गेला आणि हे अंतर कॅनन आरएफमध्ये २० मिमी, सोनी ई मध्ये १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी झालं. मोठी भिंगं सेन्सरच्या जवळ ठेवायची मुभा मिळाली.

४०० मिमी लेन्सला आरशाची अडचण कधी नव्हतीच. कॅननने ईएफ ४०० मिमी एफ/२.८ ची तिसरी पिढी आरएफ माउंटमध्ये आणली तेव्हा लांबी ३४३ वरून ३६७ मिमी झाली. बरोबर २४ मिमीची वाढ, म्हणजे ४४ वजा २०. कॅमेऱ्यात वाचलेली जागा लेन्सच्या शेपटीला जोडली गेली.

मग माझी जुनी ५० मिमी १५५ ग्रॅमची आणि नवी त्याच ॲपर्चरची ४१५ ग्रॅमची, हे कसं?

निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८ डी आणि झेड ५० मिमी एफ/१.८ एस बद्दल हा प्रश्न नेहमी येतो. पहिलीत सहा भिंगं, दुसरीत बारा. इथे प्रगती आकार कमी करण्यावर खर्चच केलेली नाही. ती कोपऱ्यापर्यंतच्या रेखीवपणावर आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला रंगाच्या कडा न दिसण्यावर खर्च झाली. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.२ आठ भिंगांची आणि ६०० ग्रॅमच्या आतली होती, आरएफची पंधरा भिंगांची आणि ९५० ग्रॅमची आहे.

उलट कॅननचीच आरएफ ५० मिमी एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची आहे, कारण तिथे जुनी सहा भिंगांची रचना जवळपास तशीच ठेवून एक ॲस्फेरिकल भिंग घातलं. दोन्ही निर्णय प्रामाणिक आहेत. मला स्वतःला रोज सोबत न्यायला हलकी लेन्स आवडते, कारण घरी राहिलेल्या रेखीव लेन्सने फोटो निघत नाही. मोठ्या छपाईसाठी काम करणाऱ्याचं उत्तर वेगळं असेल आणि त्याचं बरोबर असेल.

लेन्सचे दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त करणं ही फसवणूक नाही का?

माझ्या मते नाही, पण खरेदी करणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं. सरळ रेषा वाकणं, कोपरे काळवंडणं आणि कडेला रंग सुटणं हे तीन दोष गणिताने बऱ्यापैकी सुधारता येतात. गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न मिळणं) किंवा कोमा (कडेचे बिंदू धूमकेतूसारखे ओढले जाणं) यांनी पसरलेला तपशील मात्र परत आणता येत नाही. तेव्हा शहाणा डिझायनर सुधारता येणारे दोष सॉफ्टवेअरवर सोडतो आणि वाचलेली काच न सुधारणाऱ्या दोषांवर लावतो.

सिग्माची एसएलआरसाठीची ८५ मिमी एफ/१.४ आर्ट ११३० ग्रॅमची होती. मिररलेससाठी २०२० साली आलेली सुमारे ६३० ग्रॅमची आहे आणि उघड्या ॲपर्चरला रेखीवपणात कुठे मागे नाही. तिच्या मूळ रॉ (न सुधारलेल्या) फाइलमध्ये सरळ रेषा आत वळलेल्या दिसतात, कॅमेरा त्या सरळ करतो. हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

सौदा ताणला की त्रास सुरू होतो. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ केवळ १६५ ग्रॅमची आहे, पण न सुधारलेल्या फाइलमध्ये कोपरे जवळजवळ काळे दिसतात. दुरुस्तीत कोपरे ताणले जातात, तिथे तपशील विरतो, आणि उजळवताना खरखर वाढते. ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर याचा विचार आधी करावा.

झूम करताना लांब होणारी लेन्स घ्यावी की न होणारी?

७०-२०० मिमी एफ/२.८ पाहा. कॅननची ईएफ तिसरी पिढी १४८० ग्रॅम, १९९ मिमी, लांबी न बदलणारी. आरएफची २०१९ ची लेन्स १०७० ग्रॅम, मिटल्यावर १४६ मिमी, पण झूम केल्यावर पुढे येणारी. सोनीने २०२१ च्या दुसऱ्या पिढीत लांबी न बदलताच १४८० वरून १०४५ ग्रॅमपर्यंत मजल मारली. म्हणजे वजन कमी करायला नळी बाहेर येऊ देणं अनिवार्य नाही. तिचा उपयोग पिशवीत जागा वाचवायला. व्हिडिओसाठी गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रावर) लावणार असाल तर लांबी न बदलणारी घ्या, तोल बिघडत नाही.

ऑटोफोकसचा वजनाशी काय संबंध?

जुन्या पद्धतीत काचेचा जड गट सरकायचा. आता रचनाच अशी आखतात की एखादं हलकं भिंग किंचित हललं तरी फोकस बदलतो. छोटी लिनियर मोटर पुरते, फोकस वेगाने आणि आवाज न करता होतो.

सेन्सर लहान असेल तर लेन्स लहान होतेच ना?

होते, पण हिशोब पूर्ण मांडा. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरचा कर्ण फुलफ्रेमच्या (३६×२४ मिमी सेन्सरच्या) निम्मा असतो. ऑलिंपसची ३०० मिमी एफ/४ कॉलरशिवाय १२७० ग्रॅमची आहे आणि फुलफ्रेमवरच्या ६०० मिमीइतकं दृश्य दाखवते. तिचं दार ७५ मिमी आहे, ६०० मिमी एफ/४ चं १५० मिमी. एकूण प्रकाश आणि पार्श्वभूमीचा धूसरपणा पाहिला तर ती फुलफ्रेमच्या ६०० मिमी एफ/८ च्या बरोबरीची ठरते. दिवसभर जंगलात चालणाऱ्याला हे मान्य असू शकतं, आणि तसं असेल तर तिच्यासारखी सोबत नाही.

फोनच्या लेन्सची युक्ती मोठ्या लेन्सला का लागू होत नाही?

फोनमध्ये प्लॅस्टिकची सहा-सात भिंगं असतात आणि त्यांचे आकार लाटेसारखे वळलेले असतात. इतके वेडेवाकडे आकार काही मिलिमीटरच्या प्लॅस्टिकमध्ये साच्याने काढता येतात. प्लॅस्टिक तापमानाने काचेपेक्षा खूप जास्त बदलतं. इवल्या भिंगात ते निभावतं, हाताच्या पंजाएवढ्या भिंगात प्रतिमा बिघडते. टेलीसाठी प्रिझमने किरण ९० अंशांत वळवून नळी फोनच्या जाडीऐवजी रुंदीत आडवी टाकतात. १४३ मिमीचं दार असलेल्या लेन्सला असा प्रिझम लावला तर तोच काही किलोंचा होईल.

आरशाच्या लेन्सेस तर पूर्वीपासून हलक्या होत्या. त्या मागे का पडल्या?

आरसा रंग फाकवत नाही आणि प्रकाशाचा मार्ग दुमडतो, म्हणून मिनोल्टाची ऑटोफोकस ५०० मिमी एफ/८ केवळ ६६५ ग्रॅमची होती. पण मधला छोटा आरसा वाट अडवतो, त्यामुळे पार्श्वभूमीतले दिवे कड्यांसारखे दिसतात, आणि ॲपर्चर बदलता येत नाही.

मेटालेन्स आली की काचेची भिंगं जाणार का?

मेटालेन्स म्हणजे सपाट पृष्ठभागावर उभारलेले, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान खांब. २०१६ साली हार्वर्डमध्ये फेदेरिको कापासो यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या खांबांची, दृश्य प्रकाशात चालणारी अशी लेन्स दाखवली. एका रंगासाठी ती सुरेख चालते. सगळ्या रंगांसाठी आणि मोठ्या व्यासात एकाच वेळी तसं चालवणं अवघड आहे, कारण व्यास वाढेल तसं प्रत्येक रंगाला एकाच वेळी जागेवर आणणं खांबांच्या आवाक्याबाहेर जातं. फोनमधल्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये एकाच इन्फ्रारेड तरंगलांबीचं काम असतं, तिथे मेटालेन्सने काचेची जागा घ्यायला सुरुवात केली आहे. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ती आधी आली तर एकटी येणार नाही. पीएफमधल्या वलयांसारखी एखाद्या भिंगावर बसून, रंग सावरायच्या कामाला येईल असं मला वाटतं.